गिरसप्पाचे पाणी

ज्या घरांत जुनी भूगोलाची पुस्तके अजून माळ्यावर जपून ठेविलेली असतील, त्या घरांतील वडील मंडळींस ‘गिरसप्पाचा धबधबा’ हे नाव नवे नाही. आज ज्यास सर्वत्र ‘जोग’ म्हणतात तोच हा प्रपात. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच होता. त्यामुळे शरावतीचा उजवा काठ मुंबईचा, डावा काठ म्हैसूरचा, आणि दोहोंच्या मधोमध धबधबा, असा प्रकार जवळजवळ शंभर वर्षे चालला. काकासाहेब कालेलकरांसारख्या नदीभक्ताने ह्या प्रपाताविषयी लिहिले आहे. सारांश, आज हे स्थळ कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सीमेवर असले, तरी आपल्या लोकांचा त्याच्याशी ऋणानुबंध जुना आहे.

आमच्या घरी मात्र ह्या धबधब्याचे माहात्म्य पुस्तकांपेक्षा वडिलांच्या तोंडून अधिक वाढले. वडील तेरा वर्षांचे असता, १९५७ च्या दिवाळीत, आपल्या काकांबरोबर तेथे गेले होते. होन्नावरहून होडीने नदीच्या वरच्या अंगास गेरसप्पा गावापर्यंत जावयाचे, तेथून घाट चढावयाचा, आणि मैलभर अलीकडूनच जमिनीतून आल्यासारखा आवाज पायांस जाणवू लागावयाचा, हे वर्णन आमच्या लहानपणी आम्ही ऐकले, पुढे आमच्या मुलांनी ऐकले, आणि आता घरात जी सर्वांत लहान, जिला आम्ही सारे ‘धाकटी’ म्हणूनच हाक मारतो, त्या नऊ वर्षांच्या आमच्या पुतणीसही ते तोंडपाठ झाले आहे. आजोबांच्या गोष्टीतला तो धबधबा एकदा आजोबांबरोबरच पाहावयाचा, असा तिचा दोन वर्षांचा हट्ट होता.

पावसाळ्यात अथवा पावसाळा सरता सरता जोगास जावे, हे कोणीही सांगेल. परंतु एकत्र कुटुंबातील अकरा माणसांच्या रजा, मुलांच्या परीक्षा आणि एक्याऐंशी वर्षांच्या वृद्धांची प्रकृती ह्या तिन्ही गोष्टी जुळून येण्याचा काळ आमच्याकडे मे महिना हाच. शिवाय पावसात त्या निसरड्या वाटांवर वडिलांना नेण्यास आईची मुळीच संमती नव्हती. तेव्हा पाणी थोडे दिसेल हे मोठ्या माणसांनी जाणून, गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून निघालो, पनवेलीस कोकण रेल्वेची गाडी धरली, आणि पहाटे होन्नावरास उतरलो.

उजाडल्यावर नदीकाठी जाऊन उभे राहिलो. शरावती येथे समुद्रास मिळते. ऐन उन्हाळ्यातही ह्या काठापासून त्या काठापर्यंत पाणीच पाणी. त्यावरून जाणारा रेल्वेचा पूल दोन किलोमीटरांहून किंचित अधिक लांब असून, कोकण रेल्वेवरील पुलांत सर्वांत लांब तोच. पुलावरून गाडी गेली तेव्हा धाकटीने डबे मोजले, आणि इतकी मोठी नदी जर कड्यावरून खाली पडत असेल तर तो कडा केवढा रुंद असला पाहिजे, असा हिशेब तिने तेथेच मांडला. समुद्राची भरती नदीत शिरत असल्यामुळे मुखाशी नदी अशी फुगलेली दिसते, हे थोरल्या बंधूंनी तिला समजावून सांगितले. परंतु तिने हिशेब बदलल्याचे काही दिसले नाही.

होन्नावर ते जोग हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. अर्धी वाट नदीच्या काठाकाठाने जाते. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या बागा, मधूनमधून कौलारू घरे, अंगणात वाळत घातलेली सुपारी. आमच्या धाकट्या वहिनींचे माहेर धारवाडचे. कानडी त्यांना मातृभाषेसारखे येते, म्हणून वाटेतील सर्व चौकश्यांचे मुखत्यारपत्र त्यांच्याकडेच होते. गेरसप्पा हे गाव म्हणजे एके काळची राजधानी. सोळाव्या शतकात येथे चेन्नभैरादेवी नावाच्या जैन राणीने दीर्घकाळ राज्य केले. मिरीचा व्यापार तिच्या हाती असल्यामुळे पोर्तुगीज लोक तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. नगरबस्तीकेरी येथे चार दिशांस चार दारे असलेली दगडी चतुर्मुख बस्ती त्या वैभवाची साक्ष देत अजून उभी आहे. धबधबा येथून पुष्कळ वर असूनही त्यास ह्या गावाचेच नाव पडले, ह्याचे कारण उघड आहे: समुद्राकडून येणाऱ्या प्रवाशाची होडी येथे थांबे, आणि पुढचा मार्ग येथून सुरू होई.

गेरसप्पा सोडल्यावर घाट लागला. दाट झाडीत मोटारी हळूहळू चढू लागल्या. ह्या रानात सिंहपुच्छ वानर आढळतात. काळे अंग, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ आणि शेपटीस सिंहासारखा गोंडा, अशी ही जात सह्याद्रीच्या दक्षिण भागावाचून जगात इतरत्र कोठेही नाही. मुलांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले, पण दर्शन झाले ते आपल्या नेहमीच्या लाल तोंडाच्या माकडांचेच. वडील मात्र झाडीकडे पाहत नव्हते. मोटारीची काच खाली करून ते कान देऊन बसले होते. माविनगुंडी मागे पडले, उतार लागला, तरी त्यांना अपेक्षित असलेला आवाज आला नाही.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही समोरच्या बाजूच्या कठड्यापाशी जाऊन पोहोचलो. समोर प्रचंड अर्धवर्तुळाकार कडा, खाली अथांग दरी, आणि त्या काळ्याभोर खडकावर पाण्याच्या दोन बारीक धारा. त्यांतली एक तर वाऱ्याने मध्येच तुटून तिचा धूर होत होता. धाकटी बराच वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “आजोबा, ही तर आपल्या वाड्याच्या पागोळीएवढीच धार आहे. तुम्ही सांगितलंत ते खरं नव्हतं का?”

लहान मुलाचा प्रश्न. त्यात उद्धटपणा नव्हता. परंतु वडिलांचा चेहरा उतरला. अडुसष्ट वर्षे जी गोष्ट त्यांनी तीन पिढ्यांस सांगितली, तिचा साक्षीदार त्यांच्यावाचून घरात दुसरा कोणी नव्हता, आणि समोरचा कडा त्यांच्या बाजूने काही बोलत नव्हता. “खरं होतं, बाळ,” एवढेच म्हणून ते बाकावर जाऊन बसले. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि तिने थर्मासातला चहा पुढे केला.

ह्या प्रपातास चार अंगे आहेत. पहिला राजा, हा माथ्यापासून तळापर्यंत कोठेही न टेकता एका स्तंभासारखा पडतो. त्याच्या शेजारचा गर्जणारा, ज्यास इंग्रजीत रोअरर म्हणतात. हा निम्म्या वाटेवर खडकाच्या खोलगटात आदळून तेथून राजाच्या दिशेने उसळतो. तिसरा रॉकेट, आतषबाजीतील बाणाप्रमाणे ह्याच्या पाण्याचे फवारे सुटतात. चौथी राणी, ही उडी घेत नाही, तर खडकावरून फेसाचा पदर सोडीत उतरते. उंची ८३० फूट, म्हणजे सुमारे २५३ मीटर. दिल्लीचे तीन कुतुबमिनार एकावर एक ठेविले तरी राजाच्या माथ्यास हात लागावयाचा नाही. आमचे थोरले बंधू पदार्थविज्ञान शिकवितात. हवेचा अडथळा सोडून दिला तर माथ्यावरून निघालेल्या थेंबास तळ गाठावयास सात सेकंद लागतात, हे त्यांनी कागदावर करून दाखविले. मुलांनी धारेच्या एका गाठीवर नजर ठेवून मोठ्याने एक ते सात आकडे म्हटले. गाठ मध्येच विरून जाई, तरी सातापर्यंत मोजताना प्रत्येकास त्या उंचीची कल्पना आली. पाणी नसताना कडा उघडा दिसतो, आणि उंची खरी तेव्हाच कळते, हा मे महिन्याचा एक लाभ म्हणावयाचा.

आमचा मुक्काम सागर तालुक्यातील एका हव्यक ब्राह्मणाच्या घरी होता. पोफळीच्या बागेत त्यांनी पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधिल्या आहेत. रात्री केळीच्या पानावर भात, तंबुळी, कैरीची अप्पेहुळी आणि पानांत उकडलेला फणसाचा कडबू वाढिला. हा कडबू म्हणजे आपल्या पातोळ्यांचा जवळचा नातलग. आई आणि काकू त्याची कृती विचारण्यात रंगून गेल्या. जेवणे झाल्यावर धने-जिरे उकळून केलेले कषाय पीत सारे पडवीत बसले असता यजमानांच्या वृद्ध मातोश्री बाहेर आल्या. त्यांनी वडिलांस नमस्कार करून वहिनींकडून विचारविले, “धबधबा कसा वाटला?”

वडील म्हणाले, “मी सत्तावन साली पाहिला होता. तो हा नव्हे.”

सत्तावन हे साल ऐकताच त्या वृद्धेने पदर सावरला आणि त्या वडिलांच्या समोर खाली बसल्या. मग त्या जे बोलल्या ते वहिनी वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेल्या. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर नदीच्या वरच्या अंगास, आता ज्याच्या जागी तलाव आहे अशा गावात होते. बाग होती, विहीर होती, घरासमोर नदीस उतरावयाचा दगडी घाट होता. त्या बारा वर्षांच्या असता धरणाचे पाणी चढू लागले. वडिलांनी कौले उतरविली, देव डोक्यावर घेतले, गुरे पुढे घातली आणि मंडळी ह्या बाजूस आली. नव्या जागी बाग धरावयास दहा वर्षे लागली. काही भाऊबंदांस जमिनीचे कागद मिळावयास त्याहूनही पुष्कळ अधिक. त्यांनी धाकटीस जवळ बोलाविले आणि म्हणाल्या, “तुझ्या आजोबांनी पाहिलं ते खरं आहे. ते पाणी आता माझ्या घरावर आहे.”

धाकटीने एकवार त्यांच्याकडे आणि एकवार आजोबांकडे पाहिले. त्या रात्री ती आजोबांच्या अंथरुणाशेजारी निजली.

आता हे पाणी कोठे जाते ते वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. शरावतीचा उगम तीर्थहळ्ळी तालुक्यात अंबुतीर्थ येथे. सीतामाई तहानेली असता रामचंद्रांनी बाण मारून जमिनीतून पाणी काढिले, म्हणून ही शरावती, अशी तेथील कथा आहे. उगमापासून समुद्रापर्यंत नदी अवघी १२८ किलोमीटर. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरील भयंकर पाऊस पोटात घेऊन ती एकदम कड्यावरून खाली येते, आणि पाणी व उंची ह्यांचा असा योग म्हणजे वीज करणारांस पर्वणीच. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी हा प्रपात पाहून ‘केवढी ही शक्ती वाया जात आहे’ अशा अर्थाचे उद्गार काढिले, असे तिकडे सांगतात. धबधब्याजवळचे पहिले वीजघर १९४८ साली चालू झाले. त्यास पुढे महात्मा गांधींचे नाव दिले. त्यासाठी वरच्या अंगास मडेनूर येथे एक धरण बांधिले होते. मग १९६४ साली धबधब्याच्या सुमारे सहा किलोमीटर वर लिंगनमक्कीचे मोठे धरण पुरे झाले, आणि आधीचे धरणच त्याच्या पाण्यात बुडाले. ह्या तलावातील पाणी कालवा व बोगदा ह्यांच्या वाटेने तळकळले येथील दुसऱ्या तलावात नेतात, आणि तेथून मोठ्या नळांनी दरीतील शरावती वीजघरावर सोडितात. तेथे दहा यंत्रे असून त्यांची शक्ती १०३५ मेगावॅट आहे. म्हणजे नदी धबधब्यास वळसा घालून खाली उतरते. तेच पाणी पुढे गेरसप्पाच्या धरणात पुन्हा यंत्रे फिरविते आणि मग होन्नावरास समुद्राला मिळते. काठोकाठ दिसलेली नदी आणि पागोळीएवढी धार, ह्या दोहोंमधील कोडे असे उलगडते.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी आम्हांस होन्नेमरडूच्या बाजूस तलावाच्या काठी नेले. मातोश्री आपण होऊन बरोबर आल्या. पाणी बरेच ओसरले होते. जेथपर्यंत ते चढते तेथपर्यंत जमीन तांबडी व उघडी. मधून साठ वर्षांपूर्वीच्या झाडांची काळी खोडे वर आलेली. उन्हाळा कडक असला आणि तलाव फार खाली गेला, तर मडेनूरचे जुने धरणही पाण्याबाहेर डोके काढिते, आणि ते पाहावयास दुरून लोक येतात. वृद्धेने हात करून दाखविले, “तिकडे. त्या दोन टेकड्यांच्या मध्ये.” तेथे केवळ पाणी होते. धाकटीने विचारले, “मग सगळं पाणी सोडून द्यायला सांगा ना! तुमचं घर परत मिळेल, आणि आजोबांचा धबधबाही.” वहिनींनी हे कानडीत सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “घर मातीचं होतं गं, ते केव्हाच विरघळलं. आणि लग्न होऊन मी ह्या घरी आले तेव्हा इथे चिमणी होती. दिवा फार मागाहून आला. माझा नातू त्याच दिव्याखाली शिकून इंजिनिअर झाला. पाणी आहे तिथे असू दे. पण हे इथे होतं, एवढं मात्र कोणी विसरू नये.”

ह्या बोलण्यावर आम्हांस आमच्याकडील गोष्टी आठवल्या. पुण्याहून तास-दीड तासावर मुळशीचा तलाव आहे. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांस घेऊन सत्याग्रह केला. धरण झाले, आणि तेथील पाण्यावर झालेली वीज मुंबईस गेली. कोयनेच्या शिवसागरानेही कित्येक गावे पोटात घेतली, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरे व कारखाने उजळले. आपण मुळशीस भजी खावयास जातो, बामणोलीस नावेत बसतो, मुलांस ‘बघा केवढे पाणी’ म्हणून दाखवितो; त्या पाण्याखाली कोणाचा घाट, कोणाची विहीर, कोणाचे देऊळ आहे, हे सांगावयाचे राहून जाते. विजेचा दिवा नको असे म्हणणारा आज कोणी नाही, आम्हीही नाही. परंतु ज्यांच्या घरांच्या बदल्यात तो मिळाला त्यांची नावे-गावे मुलांच्या कानांवर घालणे, हे काही अवघड काम नव्हे. बटण दाबिल्यावर लागणारा दिवा कोठून येतो, हे मुलास एकदा डोळ्यांनी दिसले म्हणजे तो विनाकारण जळत ठेवू नये हे निराळे शिकवावे लागत नाही.

परतण्यापूर्वी सायंकाळी आम्ही पुन्हा कठड्यापाशी गेलो. ह्या खेपेस धाकटी आजोबांचा हात धरून होती. कड्यावर जेथे आता पाणी नाही तेथेही पाण्याने घासून गुळगुळीत केलेले, शेवाळाने काळवंडलेले रुंद पट्टे आहेत. ते तिने प्रथम पाहिले. “आजोबा, इथून तिथपर्यंत पडायचं ना पाणी?” असे ती विचारी, आणि वडील काठीने दाखवीत, “त्याच्याही पलीकडे. तो कोपरा दिसतो ना, तिथपर्यंत.” अंधार पडेपर्यंत हे चालले होते. वडिलांची गोष्ट तीच होती, परंतु आता ती ऐकताना धाकटी कड्यावर बोट ठेवून खुणा जुळवीत होती.

जाऊ इच्छिणारांसाठी दोन शब्द. भरपूर पाणी पाहावयाचे असल्यास जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जावे. धुके आल्यास संपूर्ण दृश्य पडद्याआड जाते, तेव्हा एक मुक्काम हाताशी ठेवावा. पावसाळ्यात जळवा फार. पायांस मीठ अथवा तंबाखूचे पाणी लावितात. माथ्यावरील खडकांवर जाण्याचा मोह कोणीही करू नये. मुलांस तर कठड्यापासून दूरच ठेवावे. रेल्वेने यावयाचे तर एक वाट आमची होन्नावरची, आणि दुसरी शिवमोग्ग्याकडून तळगुप्प्याची. तळगुप्पा स्थानक धबधब्यापासून जवळ पडते. आणि कोणत्याही ऋतूत गेलात तरी तलावाचा काठ पाहिल्यावाचून परतू नये.

लिंगनमक्कीचा तलाव १८१९ फुटांच्या खुणेपर्यंत भरला म्हणजे धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, आणि तेवढे दिवस चारही धारा एकमेकींत मिसळून पूर्वीसारख्या पडतात. दर वर्षी तसे घडतेच असे नाही. निघताना त्या मातोश्रींनी आमच्या वहिनींकडून घरचा दूरध्वनी-क्रमांक लिहून घेतला, आणि दरवाजे उघडले की त्याच दिवशी कळविते, असे वडिलांस सांगितले. आई आता पावसाचे नाव काढीत नाही. वडिलांनी आपली छत्री दुरुस्त करून आणविली आहे, आणि धाकटी रोज वर्तमानपत्रात त्या तलावाची पातळी दिली आहे का ते पाहते.